पावसात गरवायला जाताना अंगावर काय घालावं

गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, जाण्यासाठी रेनकोट घ्यायचा तर दुकानात जाण्याआधी एक गोष्ट ठरवून जावी, ती म्हणजे आपण उभं कुठे राहणार. खाडीच्या जेटीवरून गळ टाकायचा, समुद्रकाठच्या कातळावरून रॉड-रीलने लांब फेक करायची, तळ्याकाठी तीन-चार तास बसून राहायचं, पऱ्ह्यात (ओढ्यात) उतरून पाग, म्हणजे फेकजाळं, मारायचा की होडीतून गरवायचं? प्रत्येक ठिकाणी पाणी वेगळ्या वाटेनं आत शिरतं. बसणाऱ्याचं बूड आधी भिजतं, गळ फेकणाऱ्याच्या बाह्या, पाग मारणाऱ्याचा खांदा आणि होडीतल्या माणसाची मान. दुकानदार कापड दाखवतो. पण चांगल्या कापडाचा रेनकोट बहुतेक वेळा कापडातून गळत नाही, तो गळा, मनगट, कंबर आणि शिवणीतून गळतो. म्हणून यादीची सुरुवात तिथून.

कोकणातल्या पावसाळ्यात आणखी एक पाणी असतं ते घामाचं. हवा २५ ते २८ अंशांची, दमटपणा नव्वद टक्क्यांच्या आसपास, आणि अंगावर हवाबंद प्लास्टिक. तासाभरात आतला शर्ट पिळण्याइतका ओला होतो आणि माणूस म्हणतो, रेनकोट गळतोय. इरलं घालून दिवसभर भातलावणी करणाऱ्यांना हा त्रास होत नसे, कारण इरलं पाठीवर उभं राहतं, अंगाला चिकटत नाही आणि खालून वारा खेळतो. रेनकोट निवडतानाही हेच शोधावं. पाठीवर आडवी झडप आणि तिच्याखाली जाळी आहे का, काखेत हवेची भोकं किंवा उघडता येणारी चेन आहे का, आत जाळीचं अस्तर आहे का. अस्तर नसलेलं प्लास्टिक उघड्या हाताला चिकटतं आणि फेक करताना खांदा अडकतो.

कापडाचे ढोबळ चार प्रकार मिळतात. पातळ पारदर्शक प्लास्टिकचा रेनकोट बस स्टॉपपर्यंत ठीक. रॉड मागे नेऊन फेकला की काखेत तो उसवतो, आणि गरीचं (गळाच्या आकड्याचं) टोक लागलं की सरळ चीर जाते. दुसरा, पॉलिएस्टरवर पीव्हीसीचा (जाड प्लास्टिकचा) थर दिलेला. जड, पण पाणी अजिबात न सोडणारा आणि चिखल-खवले पुसून टाकता येणारा. तिसरा, नायलॉनवर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) पातळ थर असलेला. हलका आणि घडी लहान, पण आतला थर काही वर्षांनी पापुद्र्यासारखा सुटतो. चौथा, घाम बाहेर सोडणाऱ्या पडद्याचा, म्हणजे गोरेटेक्स किंवा त्याच्यासारखा. हा पडदा आतली वाफ बाहेर जाऊ देतो, पण त्यासाठी आतल्या-बाहेरच्या हवेत ओलाव्याचा फरक लागतो. जुलैच्या किनारपट्टीवर तो फरकच फार कमी असतो, त्यामुळे महागड्या जॅकेटचा मुख्य गुण इथे अर्धामुर्धाच कामाला येतो. थंड डोंगरी प्रदेशात त्याचे पैसे वसूल होतात. खाडीवर उभं राहायचं असेल तर जाळीदार झडपेचा पीव्हीसी-पॉलिएस्टर सूट आणि घाटात लांब चालत जायचं असेल तर पीयूचा हलका सूट, असं आमचं सरळ मत आहे.

लेबलवर ३०००, ५०००, १०००० मिलिमीटर असे आकडे असतात. कापडावर उभी नळी ठेवून पाणी भरत गेलं तर किती उंचीपर्यंत ते पाणी धरतं, तो हा आकडा. उभ्या माणसावर कोसळणाऱ्या पावसाला ५००० पुरतो. पण ओल्या फळीवर बसलं, चिखलात गुडघा टेकला किंवा पिशवीचा पट्टा खांद्यावर दाबून बसला, की दाब कितीतरी वाढतो आणि कमी आकड्याचं कापड नेमकं तिथे पाझरतं. बसून गरवणाऱ्यांनी पँट १०००० ची घ्यावी, जॅकेट कमी चाललं तरी हरकत नाही. पीव्हीसीला हा प्रश्न नाही.

शिवणी मात्र प्रत्येक प्रकारात तपासाव्यात. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे एक बारीक नळच. रेनकोट उलटा करून खांदा, काख, टोपीचा जोड आणि पँटची बैठक बघावी. शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी उष्णतेनं चिकटवलेली असली पाहिजे, किंवा पीव्हीसीत शिवणीऐवजी वितळवून जोड दिलेला असला पाहिजे. पट्टी नखानं उचलली जात असेल तर तो रेनकोट घेऊ नये. अंधाऱ्या जागी आतून बॅटरी लावली की पट्टी सुटलेल्या जागी उजेडाचे ठिपके दिसतात. चार शिवणी जिथे एकत्र येतात ती जागा, म्हणजे काख आणि दोन पायांमधला जोड, सगळ्यात आधी सुटते. तिथे वेगळं ठिगळ दिलेलं असेल तर शिवणाऱ्यानं विचार केला आहे.

मग अंगावर घालून हालचाली कराव्यात, दुकानात लोक बघत असले तरी. रॉड धरल्यासारखा हात डोक्यामागे नेऊन पुढे फेकावा. जॅकेट कमरेवरून वर सरकून पोट उघडं पडत असेल तर एक माप मोठं घ्यावं. उकिडवं बसावं, गुडघे वर घेऊन पँट काचते का बघावं. हात वर धरून मिनिटभर उभं राहावं, कारण मासा ओढताना पाणी मनगटावरून कोपराकडे आणि तिथून काखेत उतरतं. या कामासाठी बाहीला दोन तोंडं हवीत: आत इलास्टिकची किंवा मऊ रबरी कापडाची घट्ट बाही, आणि वर वेल्क्रोनं आवळता येणारी दुसरी. नुसतं सैल इलास्टिक असेल तर पहिल्या दहा फेकींत बाही भरते. पाग मारणाऱ्यांनी तर हे हमखास बघावं, कारण ओलं जाळं कोपरावर घेतलं की त्याचं सगळं पाणी बाहीकडे निथळतं. पागाचे आस (जाळ्याचे डोळे) बटणांतही अडकतात, तेव्हा पुढची बटणं झाकणारी पट्टी हवीच.

पुढची चेन जाड प्लास्टिकच्या दातांची असावी. लोखंडी किंवा हलक्या धातूची चेन खाऱ्या हवेत एकाच हंगामात गंजून अडकते. चेनीवर दुहेरी झडप हवी. झडप एकेरी असेल तर वाऱ्यानं मारलेलं पाणी दातांतून आत येतं. टोपीच्या आणि कमरेच्या दोऱ्यांची टोकं बाहेर लोंबत असतील तर ती आत खोचता आली पाहिजेत. लोंबती दोरी, प्रेस बटण आणि उघडा वेल्क्रो या तिन्ही ठिकाणी तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) अडकतो, तोही नेमका मोठा मासा लागला असताना. खिसे आडव्या झडपेचे आणि तळाला पाणी जाण्याचं भोक असलेले घ्यावेत. वर उघडे खिसे म्हणजे दोन वाट्या पाणी पोटावर बांधून फिरणं. खिशात मोकळ्या गऱ्या कधीही टाकू नयेत, त्या डबीतच.

टोपी डोक्याबरोबर वळली पाहिजे. मान डावीकडे फिरवली आणि डोळ्यांसमोर टोपीचं अस्तर आलं, तर कातळावर ती टोपी धोक्याची. आत साधी पुढच्या छज्जाची कॅप घातली की टोपी डोळ्यांवर येत नाही आणि चष्म्यावर पाणी कमी पडतं. भर समुद्राच्या कडेला शक्यतो टोपी मागे टाकून नुसत्या कॅपवर राहावं, कारण मागून येणाऱ्या लाटेचा आवाज कानावर पडायला हवा. पोंचो घेऊ नये. तो वाऱ्यानं फुगतो, त्यात गरी अडकते, आणि पाण्यात पडलात तर हातांभोवती गुंडाळतो. छत्री तळ्याकाठी जमिनीत रोवून चालते, पण वीज चमकत नसेल तेव्हाच.

पँटमध्ये कमरेच्या नाडीची आणि छातीपर्यंत येणारी खांदेपट्ट्यांची, असे दोन प्रकार आहेत. बसून किंवा वाकून काम असेल तर दुसरी. वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही आणि नाडी काचत नाही. गुडघ्यावर व बैठकीवर दुहेरी कापड बघावं. पँट नेहमी गमबुटाच्या बाहेरून सोडावी. आत खोचली तर सगळा पाऊस पँटवरून घरंगळत बुटात जमा होतो. ही चूक इतकी सर्रास दिसते की वेगळी सांगावी लागते.

पायांवर जास्त वेळ द्यावा. गमबूट चिखलाला, शेताच्या बांधाला आणि खाडीच्या काठाला उत्तम. चिखलातल्या काचा-काटे आणि गवतातलं फुरसं यांपासून ते पोटरीपर्यंत राखण करतात. पण शेवाळलेल्या कातळावर रबरी तळ घसरतो. तिथे खिळ्यांचा किंवा जाड नमद्याचा (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचा) तळ लागतो, आणि तोच नमद्याचा तळ चिखलात निसरडा. एकच जोड सगळीकडे चालत नाही हे धरून चालावं. कालवं लागलेल्या खडकावर बुटाची कड कापली जाते, म्हणून घोट्याजवळ जाड रबर बघावं. माप अर्धा-एक नंबर मोठं, जाड मोजा घालून, आणि पाय झटकला तर बूट निघेल इतकं सैल. पाण्यात पडल्यावर भरलेला बूट खाली ओढत नाही, पण बाहेर चढताना एकेक पाय काही किलोंनी जड होतो, तेव्हा तो काढून टाकता आला पाहिजे. याच कारणानं पँट बुटाभोवती दोरीनं किंवा चिकटपट्टीनं आवळून बांधू नये. छातीपर्यंतचे वेडर (पाण्यात उतरायच्या, बूट जोडलेल्या पँट) पावसाळी वाहत्या पाण्यात घालूच नयेत.

पायाला जखम, भेग किंवा चिखल्या असतील तर उघड्या पायांनी साचलेल्या पाण्यात उतरू नये. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून आलेला लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) जंतू अशाच जागेतून शिरतो. नंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगावं.

रंग भडक घ्यावा: पिवळा, नारिंगी, पोपटी. राखाडी, निळा, गर्द हिरवा रंग पावसाच्या पडद्यात आणि लाटांत दिसतच नाही. गढुळलेल्या पाण्यात माशाला तुमच्या कोटाचा रंग दिसण्याची भीती नाही, आणि शोधणाऱ्याला तो दिसणं महत्त्वाचं. होडीत किंवा कातळावर लाइफ जॅकेट रेनकोटच्या वरून घालावं, म्हणून रेनकोटचं माप लाइफ जॅकेट चढवूनच ठरवावं. आपोआप फुगणारं जॅकेट असेल तर ते कधीही कोटाच्या आत नको, फुगताना छाती आवळते. पाण्यानं विरघळणाऱ्या गोळीवर चालणारी अशी जॅकेटं मुसळधार पावसात उगाच फुगू शकतात. आपल्याकडे फोमचं बरं. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ती माशांच्या विणीसाठी आहे तशी खवळलेल्या समुद्रापासून माणसं वाचवण्यासाठीही. ज्या दिवसांत मोठ्या बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्या दिवसांत रेनकोट चांगला आहे म्हणून लहान होडी बाहेर काढू नये.

आत जीन्स किंवा जाड सुती कपडे नकोत. ओलं सुत अंगावर गार पडून राहतं आणि वाऱ्यात हुडहुडी भरते. पातळ पॉलिएस्टरचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि तशीच पँट पुरते. घाटमाथ्यावर जाणार असाल तर वर एक पातळ फ्लीस. पिशवीत, तोंड तीन वेळा गुंडाळून बंद करता येणाऱ्या ड्राय बॅगमध्ये, कोरड्या कपड्यांचा जोड, टॉवेल, दोन जोड मोजे, मोबाइल, शिट्टी आणि बॅटरी. अंगात रुतलेली गरी काढण्यासाठी पकड बाहेरच्या खिशात, दोरीनं बांधून.

सगळं आणल्यावर पहिली चाचणी घरी. बाहीचं तोंड बांधून आत तांब्याभर पाणी ओतावं आणि पाच मिनिटं टांगून ठेवावं, शिवणीतून थेंब येतो का ते दिसतं. मग पूर्ण सूट घालून, आत खिशात आणि कॉलरखाली कोरडा कागद ठेवून, दहा मिनिटं पाण्याच्या पाइपखाली उभं राहावं, त्यातली दोन मिनिटं बसून. कागद कुठे ओला झाला यावरून गळती कळते. निघण्याच्या आठवडाभर आधी हे केलं तर बदलून घ्यायला वेळ उरतो.

निघण्याच्या दिवशी हवामान खात्याचा इशारा बघावा. २४ तासांत ११५.६ मिलिमीटरच्या वर म्हणजे अति मुसळधार, २०४.५ आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. अशा दिवशी कुठलाच सूट पुरा पडत नाही. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, आणि रबरी बूट विजेपासून वाचवत नाहीत. गडगडाट ऐकू आला की रॉड आडवा ठेवून पक्क्या आडोशाला जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावं. नदीवर पाणी अचानक गढूळ होऊन पाला-काटक्या वाहू लागल्या तर वर घाटात पाऊस झाला आहे, सामान सोडून आधी काठ चढावा.

परत आल्यावर सूट त्याच रात्री गोड्या पाण्यानं धुवावा, चेन आणि बटणं विशेष. मीठ राहिलं तर वाळल्यावर कापड घासतं आणि चेन जाम होते. माशाच्या तेलानं पीव्हीसी कडक होऊन तडकतं, ते साध्या साबणानं काढावं. पडद्याच्या जॅकेटला कपडे मऊ करणारं द्रव्य कधीही लावू नये. त्यावरून पाण्याचे थेंब ओघळायचे थांबले असतील तर धुऊन वाळवावं आणि लेबलवर चालत असेल तर मंद इस्त्री फिरवावी. पीव्हीसीला इस्त्री नाही. सावलीत, रुंद हँगरवर, आतून-बाहेरून वाळवावं. ओला सूट घडी करून ठेवला तर चार दिवसांत बुरशी धरते आणि शिवणीची पट्टी सुटते. गरीनं पडलेलं भोक लगेच आतून पीव्हीसीच्या तुकड्यानं आणि पीव्हीसीच्याच गोंदानं बुजवावं. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन रबरी गमबुटाला धरतं, पीव्हीसीवर ते टिकत नाही. हंगाम संपला की पीव्हीसीला आतून टाल्कम पावडर भुरभुरावी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये बाह्या एकमेकींना चिकटलेल्या सापडणार नाहीत.