प्रवासाला फुल-फ्रेम न्यायचा की छोटा मिररलेस?

आधी वजन बघा, बाकी सगळं नंतर. सोनी ए७ फोर या फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याची बॉडी ६५८ ग्रॅम, त्यावर सोनीचीच २४-७० जीएम टू झूम लेन्स ६९५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ १.३५ किलो. सोनीच्याच छोट्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) ए६४०० ची बॉडी ४०३ आणि छोटी १६-५० झूम ११६, झाले ५१९ ग्रॅम. जड सेटचं वजन कळायला घरीच एक करा, सव्वा लिटर पाण्याची बाटली गळ्यात अडकवून दोन तास फिरून या, मान काय म्हणते ते ऐका. मी जड कॅमेरा घेऊन फिरलोय, दुपारनंतर तो बॅगेतच राहायचा आणि संध्याकाळचा सगळ्यात छान उजेड तसाच निघून जायचा, त्याचं अजून वाईट वाटतं.

आता सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप. फुल-फ्रेम ३६×२४ मिमी, एपीएस-सी, म्हणजे ए६४०० मधला छोटा सेन्सर, साधारण २३.५×१५.६, त्यामुळे अंधारात नॉइजमध्ये (फोटोतल्या दाणेदारपणात) अंदाजे एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाइतका फरक पडतो. रात्रीचं आकाश हाच तुमचा मुख्य विषय असेल तर फुल-फ्रेमच घ्या, खरंच. दिवसा फिरताना मात्र तो फरक फारसा जाणवत नाही.

एपीएस-सी साठी लेन्स घेताना मिमीचा आकडा १.५ ने गुणायचं विसरू नका, १६ मिमी म्हणजे फुल-फ्रेमवरच्या २४ सारखा अँगल. एक छोटी झूम आणि अंधारासाठी एफ/१.८ किंवा त्याहून फास्ट (जास्त उजेड आत घेणारी) एक प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, बास. आणि एक्स्ट्रा बॅटरी घ्याच, छोट्या बॉडीत बॅटरीपण छोटी असते बऱ्याचदा.