गप्प मूल आणि घाईतला शिक्षक: या चुका टाळा

‘गप्प आहे, म्हणजे येत नाही.’ वेगळ्या रीतिरिवाजांच्या घरांतून आलेल्या मुलांबाबत ही चूक मी इतक्यांदा बघितली आहे की आता चीड येते. मीही ती केली आहे.

सहावीच्या वर्गात एक नवी मुलगी आली. प्रश्न विचारला की उभी राहायची, नजर खाली, तोंड बंद. दोन महिने मी तिच्या नावापुढे ‘सहभाग नाही’ लिहीत गेले. मग एकदा मधल्या सुट्टीत ती शेजारणीला अपूर्णांकांची बेरीज शिकवताना दिसली. वहीच्या कोपऱ्यात वर्तुळं काढून, त्यांचे भाग रंगवून, माझ्यापेक्षा सोपं करून. मोठ्यांसमोर चारचौघांत आपल्याला येतं ते मिरवणं तिच्या घरी आगाऊपणा समजत. मी मात्र सहभाग मोजत होते तो नेमका अशा मिरवण्यानेच.

अमेरिकेत ऑरेगनमधल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या आदिवासी मुलांबद्दल भाषा आणि संस्कृतीच्या अभ्यासक सुझन फिलिप्स यांनी हेच नोंदवलं आहे: सगळ्यांसमोर एकट्याने बोलायची वेळ आली की गप्प, आपापल्या गटात काम करताना मोकळी.

आता मी प्रश्न विचारून मनात पाचापर्यंत आकडे मोजते. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांना प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबताना आढळले. ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. मग मी मुलांना जोडीत बोलू देते आणि ‘तुमचं दोघांचं काय ठरलं?’ असं विचारते.

‘समजलं का?’ विचारू नका. मोठ्यांना ‘नाही’ म्हणायचं नसतं हे शिकलेलं मूल मान डोलावणारच. ‘करून दाखव’ म्हणा.

नाव नीट उच्चारा. जमत नसेल तर त्या मुलाकडूनच शिका, सोयीचं टोपणनाव देऊ नका.

‘तुमच्यात कसं करतात, सांग सगळ्यांना,’ असं म्हणून एका लेकराला अख्ख्या समाजाच्या वतीने उभं करू नका.

आणि तक्ते. नव्या शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात तक्ता हवा असतो: अमक्या समाजाची मुलं अशी, तमक्यांची तशी. मी तो कधीच देत नाही. त्या मुलीचा पाठचा भाऊ पुढच्या वर्षी माझ्याच वर्गात आला. घर तेच, आईवडील तेच, आणि हा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करून उत्तर ओरडायचा. म्हणून पहिले पंधरा दिवस मी फक्त बघते: कोण कुठे बोलतं, कोणाशी बोलतं, कोणासमोर थांबतं. रोज दोन ओळी वहीत लिहिते. ‘सहभाग’ हा रकाना तोवर कोराच ठेवते.