ऑफिसच्या फोनवर शॉर्टकट की टाकताय? या चुका टाळा

सोलापुरात ऑफिसांचे इंटरकॉम बसवणं, दुरुस्त करणं हे माझं काम. शॉर्टकट की म्हणजे फोनवरचं असं बटण, ज्यात नंबर साठवून ठेवला की ते एकच दाबून फोन लागतो. "की दाबली तरी फोन लागत नाही" अशी तक्रार आली की बहुतेक वेळा फोन ठणठणीत असतो, नंबर चुकीचा टाकलेला असतो.

सगळ्यात जास्त घोळ शून्याचा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. ऑफिसात इपीएबीएक्स, म्हणजे सगळे फोन आपसात आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं इंटरकॉमचं मशीन असेल तर बाहेरची लाइन घ्यायला आणखी एक शून्य, काही ठिकाणी नऊ. लोक मात्र मोबाइलमध्ये बघून दहा आकडे तसेच टाकतात.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला, "अण्णा, फोनच गेलाय बघा." सूतवाला, डाइंगवाला, ट्रान्सपोर्ट, सगळ्या की बंद. मी पोचेपर्यंत त्यांनी नवा सेट आणून त्यात जुनेच नंबर भरले होते. अर्थातच तोही लागेना. मी कपाटातला जुना सेट काढून जोडला, हाताने दोन शून्यं लावून ट्रान्सपोर्टवाल्याचा नंबर फिरवला. पहिल्या झटक्यात रिंग! नव्या सेटचे पैसे फुकट गेले.

मग क्लार्कने घाईघाईने सगळीकडे दोन शून्यं घातली. तरी हाताने फोन लागायचा आणि कीने कधी लागायचा, कधी राँग नंबर. कारण पहिलं शून्य गेल्यावर बाहेरचा डायल टोन यायला क्षणभर लागतो. हाताने फिरवताना आपण आपसूक थांबतो. की सगळे आकडे एका दमात पाठवते आणि सुरुवातीचे वाया जातात. म्हणून शून्य, पॉज (म्हणजे क्षणभर थांबण्याची खूण), परत शून्य आणि मग मोबाइल नंबर, असंच भरा. बऱ्याच सेटवर रिडायलचंच बटण प्रोग्रॅमिंगच्या वेळी पॉजचं काम करतं. एका पॉजने भागलं नाही तर दोन द्या. इंटरकॉम नसलेल्या सरळ लाइनवर मात्र एकच शून्य, पॉज नको.

माझी सवय अशी: नंबर आधी हाताने लावायचा, रिंग ऐकायची, वहीत लिहायचा, मगच कीमध्ये टाकायचा. घाईवाल्यांना हे कंटाळवाणं वाटतं, पण परत मलाच बोलावतात.

सोलापुरातल्या लँडलाइनला ०२१७ नको, बाहेरची लाइन घेऊन सरळ सात आकडे. अधिकचं चिन्ह आणि ९१ तर टाकूच नका.

सेव्ह न करता रिसीव्हर ठेवला तर काही साठत नाही. बटणांचा क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो, तेव्हा पुस्तिका रद्दीत घालू नका.

काही सेटची मेमरी पेन्सिल सेलवर टिकते. सेल संपले की नंबर पुसले जाऊ शकतात. वही तेव्हा कामाला येते.

बँकेचा पिन कीमध्ये कधीच नको. ती की कोणीही दाबू शकतं.

नंबर बदलला की कीजवळची चिठ्ठी त्याच वेळी बदला. आणि ११२ या आपत्कालीन नंबरची की "चालते का बघू" म्हणून दाबू नका, तिथे खरोखर माणूस फोन उचलतो.