घोड्याला (ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला) दुसरा ट्रेलर लावताय? आधी किंगपिन मोजा

सोलापुरात जुना ट्रेलर घेताना लोकं टायर बघतात, चासी बघतात, कागदपत्रं बघतात, आणि किंगपिनकडं, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या अंगाला खाली असलेल्या जोडायच्या पिनकडं, कुणी ढुंकूनपण बघत नाही. किंगपिन दोन साईजमधे येतो, 2 इंची म्हणजे 50 एमएमवाला आणि साडेतीन इंची म्हणजे 90 एमएमवाला, आणि घोड्यावरचं फिफ्थ व्हील, म्हणजे ही पिन अडकवून धरणारी प्लेट, त्याच साईजचं पाहिजे, "बसतंय की हो मालक, चालतंय" असलं काय ऐकू नका.

मोजायचं कसं, तर ग्रीस पुसून काढा आणि पिनच्या मधल्या बारीक गळ्याला व्हर्नियर लावा कारण फिफ्थ व्हीलचा जबडा तिथंच धरतो. 2 इंची नवी पिन तिथं 50.8 एमएम भरते, 49 च्या खाली गेली की बदलायची, साडेतीन इंचीला 89 आणि 86. एकाच जागी मोजू नका, पुढनं मागनं आणि आडवं पण मोजा, पिन झिजते ती एका अंगानंच. तडा दिसला तर वेल्डिंग मारून वापरायची नाही, सरळ नवी.

मग कपलिंगची म्हणजे फिफ्थ व्हीलची नेमप्लेट. त्यावर डी व्हॅल्यू म्हणजे ओढताना किती जोर सोसणार ते, आणि यू म्हणजे वरनं किती टन वजन घेणार ते असतंय, पुसट असली तरी खरवडून वाचा. आणि प्लेटची उंची पण जुळवा, नायतर ट्रेलर सपाट उभा राहत नाही, पुढं किंवा मागं कललेला राहतो.

जोडल्यावर बॅटरी मारून बघा, ट्रेलरच्या आणि फिफ्थ व्हीलच्या प्लेटीत फट नको, जबडा गळ्याला आवळलेला पाहिजे, मग ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा हळूच पुढं ओढा, म्हणजे पिन सुटत नाही ना ते कळतंय.