ट्रायएथिलअमाइनचा ‘खाली’ ड्रम घरी आणताय? या चुका टाळा

भंगारातून मिळणारा २०० लिटरचा लोखंडी ड्रम आपल्याकडे वावरावावरात दिसतो. कोणी त्यात फवारणीचं पाणी कालवतो, कोणी वरचा पत्रा कापून ढोरांना पाणी पाजतो. आधी त्यात काय होतं, हे मात्र फार थोडे विचारतात. ट्रायएथिलअमाइन असेल तर ते विचारायलाच हवं. औषधं आणि रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांत ते लागतं, फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, रेतीचे कोर (साच्याच्या आत बसवायचे गाभे) घट्ट करायलाही वापरतात. वास सडक्या मासळीसारखा, अमोनियासारखा झोंबणारा.

सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे असा ड्रम गॅस कटर किंवा ग्राइंडरने कापणं. हा द्रव शून्य अंशाखालीही पेट घेण्याइतकी वाफ सोडतो. आपला मे महिना तर ४५ अंशांचा. हवेत जेमतेम १.२ टक्के वाफ झाली की ठिणगी पुरते. हिशेब करून पाहा: २०० लिटरच्या ड्रमात तेवढी वाफ व्हायला सुमारे १५ मिलिलिटर द्रव बस होतो, म्हणजे चहाचे तीन चमचे. बुचाच्या कडेला आणि तळाच्या सांध्यात एवढा द्रव सहज अडकून राहतो. भरलेल्या ड्रमापेक्षा मला असा ड्रम जास्त भीतीदायक वाटतो, कारण त्याच्याजवळ कोणी जपून वागत नाही.

“धुतला ना बावा, आता काय रायते त्यात?” हे मी कितीदा ऐकलंय. थंड पाण्यात हे रसायन पूर्ण मिसळतं, पण पाणी साधारण १९ अंशांच्या वर गेलं की पुरतं मिसळत नाही, जास्तीचं हलकं असल्याने वर तरंगतं. उन्हाने तापलेल्या टाकीचं बादलीभर पाणी फिरवून ड्रम स्वच्छ होत नाही. आणि ते पाणी विहिरीकडे किंवा नाल्यात सोडणं ही आणखी एक चूक.

तोंडाला दुपट्टा बांधून भागत नाही, कापडातून वाफ आत जातेच. ही वाफ हवेच्या साडेतीन पट जड, जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत पोचू शकते. कारखान्यात काम करणाऱ्यांनी डोळ्यांकडे विशेष लक्ष द्यावं. वाफ लागली की काही वेळाने निळसर धुकं दिसतं, दिव्यांभोवती कडी दिसतात. बहुधा काही तासांत हे उतरतं, पण तोवर रात्रपाळी सुटली म्हणून मोटरसायकल काढू नका. समोरच्या ट्रकचा अंदाज येत नाही. थेंब डोळ्यात उडाला तर निदान १५ मिनिटं पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

सांडलं तर लाकडाचा भुसा टाकू नका, कोरडी रेती टाका. पितळी किंवा तांब्याची तोटी लावू नका, हे रसायन ती खातं.

ड्रम आधीच घरी आला असेल तर बूच घट्ट लावा, सावलीत, चुलीपासून आणि विजेच्या मोटरीपासून लांब ठेवा आणि विकणाऱ्याला परत न्यायला लावा. पुढच्या वेळी घेताना लेबलावर १२९६ हा आकडा शोधा, तो या रसायनाचा आहे. लेबल खरवडून काढलेलं असेल तर तो ड्रम घेऊच नका.