प्रेस शॉपमधल्या चुका कमी कशा कराव्यात

पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या किंवा आकार देणाऱ्या मशीनवर, बोट गेलं की अपघाताच्या रजिस्टरमध्ये कारण म्हणून एक ठरलेली ओळ पडते: 'कामगाराचं दुर्लक्ष'. ती वाचली की मला राग येतो. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, ठेवायचा, पेडल मारायचं, जॉब काढायचा, हे एका शिफ्टमध्ये हजारो वेळा करणाऱ्या माणसाचा हात कधीतरी मागे राहणारच. तो राहिला तरी बोट शाबूत राहील, अशी व्यवस्था करणं हे मालकाचं आणि सुपरवायझरचं काम आहे.

आधी नुसतं बघा. शिफ्टच्या शेवटच्या तासात, हातात वही न घेता, अर्धा तास मशीनपाशी उभे राहा. एका वर्कशॉपमध्ये मी असाच उभा होतो. दोन्ही हात बाहेर गुंतलेले राहावेत म्हणून प्रेसला दोन हातांची बटणं होती, पण डाव्या बटणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधलेली, म्हणजे बटण कायमचं दाबलेलं. ऑपरेटरवर ओरडण्याआधी कारण विचारलं. पत्रा लांब होता, डाव्या हाताने धरला नाही तर डायवर, म्हणजे साच्यावर, तिरका व्हायचा, आणि माल रिजेक्ट झाला की बोलणी त्यालाच बसायची. आम्ही पत्र्याला बाजूने टेकू दिला, डायला पत्रा जागेवर धरणाऱ्या दोन लोकेटिंग पिना बसवल्या. पट्टी त्याने स्वतःच काढली. अडचण तशीच ठेवून आम्ही पट्टी कापली असती, तर दुसऱ्या दिवशी नवी लागली असती. तरीही दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय आणि दर स्ट्रोकनंतर सोडल्याशिवाय प्रेस चालणार नाही, असं वायरिंग करून घ्याच.

मग हात आत घालायची गरजच काढून टाका. जुन्या पिन क्लचच्या प्रेसची एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा: क्लच म्हणजे फिरतं चाक रॅमला, वरून खाली येणाऱ्या भागाला, जोडणारा भाग; त्याची पिन एकदा लागली की रॅम पूर्ण फेरी करूनच थांबतो. अशा प्रेसला लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा सेन्सर, लावणं म्हणजे पैसे वाया, वर खोटा धीर. हात सेन्सरला दिसला तरी रॅम मध्येच थांबणार कसा? तिथे पक्का गार्ड हवा. पत्रा सरकेल पण बोट जाणार नाही, एवढीच फट ठेवा. सुटे जॉब चिमट्याने किंवा मॅग्नेटने ठेवा. आणि 'मघाशी डबल पडला' असं ऑपरेटर म्हणाला, तर प्रेस त्याच क्षणी बंद करा. क्लचची पिन किंवा स्प्रिंग झिजली की पेडल न मारताही दुसरा स्ट्रोक येऊ शकतो. तिथे माणसाची चूक शोधणं हा अन्याय आहे.

विसरण्यावरचा साधा उपाय १९६१ मध्ये जपानच्या एका कारखान्यात जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी दाखवला. छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या असत, एखादी राहून जाई. त्यांनी सांगितलं, आधी दोन्ही स्प्रिंगा बशीत काढा, मग बसवा. बशीत एक उरली की तिथल्या तिथे कळे. या पद्धतीला आधी 'बाका-योके' म्हणत; बाका म्हणजे मूर्ख. ते नाव एका कामगार मुलीच्या जिव्हारी लागलं, म्हणून पुढे 'पोका-योके' झालं. पोका म्हणजे नकळत झालेली चूक, योके म्हणजे टाळणं. आपल्याकडे डाय सेट करताना पाने आणि बोल्ट आखलेल्या ट्रेमध्ये ठेवा. पाना डायवर विसरला, तर ट्रेमधली रिकामी जागा आधी दिसेल.

डाय बदलताना मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली सेटरच्या, म्हणजे डाय बसवणाऱ्याच्या, खिशात. मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, फिरत असतं, ते पूर्ण थांबू द्या. रॅमखाली सेफ्टी ब्लॉक, म्हणजे तो खाली येऊ नये म्हणून ठेवायचा ठोकळा, लावल्याशिवाय हात घालू नका.

प्रेस पुन्हा सुरू करण्याआधी एकाने प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणावं: 'ब्लॉक काढला. डायवर पाना नाही. गार्ड लागला.' रेल्वेत लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल असाच एकमेकांना मोठ्याने सांगतात. पहिले काही दिवस पोरं लाजतात, तेव्हा सुपरवायझरने स्वतः म्हणावं.

सलग दुसरी शिफ्ट करणाऱ्याला प्रेसवर बसवू नका, पॅकिंगला द्या.

'आज थोडक्यात वाचलो' असं कुणी सांगायला आला, तर त्याला दंड नको, की मेमो नको. चहा द्या, त्याच्याबरोबर मशीनपाशी जा आणि नेमकं काय झालं ते करून दाखवायला सांगा, अर्थात मशीन बंद ठेवून. मग रजिस्टरमध्ये लिहा: 'जॉब डायमध्ये अडकत होता, म्हणून हात घालावा लागला.' खाली डाय दुरुस्तीची तारीख आणि दुरुस्त करणाऱ्याची सही.