परदेशी जाताना भाड्याचा फ्लॅट पोटभाड्याने देताय?

सगळ्यात आधी घरमालकांची लेखी परवानगी, तिकिटं काढायच्याही आधी. 'फोनवर हो म्हणालेत' यावर विसंबू नका. गोव्याच्या १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्यात मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे घर खाली करायला लावण्याचं कारण ठरतं. शिवाय बहुतेक भाडेकरारांत तशी मनाई लिहिलेली असतेच. आम्ही फोंड्याहून आठ महिन्यांसाठी मस्कतला निघालो तेव्हा मालककाकांकडे बसून पोटभाडेकरूचं नाव, तारखा आणि माणसं किती, एवढं एका कागदावर लिहून त्यांची सही घेतली.

मग मुदत बघा. तुमचा अकरा महिन्यांचा करार मार्चमध्ये संपत असेल तर पोटकरार मार्चपुढे नेऊ नका, आधी आपला करार वाढवून घ्या. पोटकरार लीव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती फक्त राहण्याची परवानगी देणारा), स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर करा. पोटभाडेकरूने भाडं थकवलं तरी मालक पैसे तुमच्याकडेच मागणार, म्हणून डिपॉझिट घेताना भीड धरू नका. भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म पोलीस ठाण्यात द्या आणि पोच जपून ठेवा. चार-चार दिवसांसाठी पर्यटकांना देण्याचा मोह मात्र टाळा. त्याला पर्यटन खात्याची नोंदणी लागते, आणि शेजाऱ्यांचा त्रास वेगळाच.

आता पाऊस. जाण्याच्या काळात जून ते सप्टेंबर येत असेल तर हे नीट वाचा. आपलं सामान एका खोलीत भरून कुलूप लावायची सगळ्यांची सवय, आम्हीही तेच केलं. परत येऊन दार उघडलं तर आधी कुबट वास आला. कपाटाच्या मागच्या फळीवर हिरवट बुरशी होती आणि आईच्या पैठणीच्या घडीवर पांढरे ठिपके पडले होते. ते अजून पूर्ण गेलेले नाहीत. म्हणून पावसाळ्यात खोली बंद ठेवूच नका. रेशमी कपडे, कागदपत्रं, अल्बम गावातल्या नातेवाइकांच्या वापरत्या घरात ठेवा. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आणि उघडीप मिळेल तेव्हा खिडक्या उघडायला किल्ली भावाकडे द्या. देव्हारा आम्ही त्याच्याकडेच नेला, चवथीला पूजा तिथेच झाली.

किल्ली देण्याच्या दिवशी पोटभाडेकरूला सोबत घेऊन घरभर फिरा. विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचा आकडा, भिंतीवरचे जुने डाग, फ्रीजवरचा ओरखडा, सगळ्याचे फोटो काढून त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तिथल्या तिथे पाठवा. गॅसचं काय, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कोण घालणार, हेही त्याच वेळी ठरवा.

भावाच्या नावे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच करा. तिकडे गेल्यावर करायचं तर दूतावासात खेटे घालावे लागतात. पोटभाड्याचं उत्पन्न विवरणपत्रात 'इतर स्रोत' या सदरात दाखवावं लागतं. घर आपल्या मालकीचं नसल्याने घरभाड्यावरची ३० टक्के वजावट मिळत नाही, हे भाडं ठरवतानाच हिशेबात धरा. आणि सिम कार्ड चालू राहील इतका रिचार्ज मारून ठेवा, बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.